सफरचंदांचा कित्ता

आमच्या पिढीला अक्षर आले ते कित्ता गिरवून. वळणदार अक्षरांची एक ओळ वर छापलेली असे आणि तिच्याखाली रिकाम्या ओळी. त्या ओळींत वरच्यासारखे लिहीत जायचे, हाच अभ्यास. त्यात स्वतःचे असे काही नसे. अक्षराला आपले वळण पुढे केव्हातरी नकळत लागले. पण ते त्या गिरवण्यातूनच लागले, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. निवृत्तीनंतर बासष्टाव्या वर्षी मी पुन्हा एकदा कित्ता हाती घेतला. या खेपेस तो अक्षरांचा नव्हता. एका फ्रेंच चित्रकाराने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी रंगविलेल्या सफरचंदांचा होता. तो गिरविताना जे घडले ते चारचौघांस सांगण्यासारखे वाटते, म्हणून हा लेख.

माझी सारी नोकरी मोजणी खात्यात आरेखक म्हणून गेली. शेत, भाट, घर, देवळाचे आवार यांचे नकाशे आखणे हे माझे काम. एकतीस वर्षे मी सरळ रेघा ओढल्या आणि त्यांच्या सरळपणाचा मला अभिमान होता. तेव्हा निवृत्त झाल्यावर तैलरंग शिकावेत असे मनात आले, त्यात हाताला चाळा हवा याहून मोठा हेतू नव्हता. गावात चित्रकलेचे एक वृद्ध शिक्षक राहतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो. गोवा मुक्त झाल्यानंतर लवकरच ते बडोद्यास शिकावयास गेले. मूळ इंदूरचे, देवळालीकरांच्या हाताखाली तयार झालेले नारायण श्रीधर बेंद्रे त्या काळी तेथे प्राध्यापक होते. मास्तरांनी ऐंशी ओलांडली आहे. हात थोडा कापतो, नजर मात्र कापत नाही.

मी त्यांना म्हटले, "मास्तर, आपल्या देवळाचे चित्र काढावे असे मनात आहे. दीपस्तंभ, तळी, मागे माड."

ते म्हणाले, "ते तुम्ही डोळे मिटूनही काढाल. अडचण तीच आहे. जे पाठ झाले आहे ते माणूस पाहत नाही. आधी दुसऱ्याच्या डोळ्यांनी एखादी वस्तू पाहायला शिका." आणि त्यांनी कपाटातून एक छापील चित्र काढून माझ्यापुढे ठेवले.

ते पॉल सेझान या चित्रकाराचे 'सफरचंदांची टोपली' या नावाने प्रसिद्ध असलेले स्थिरचित्र होते. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसलेल्यांस हा शब्द परिचयाचा असेल: तांब्या, फळे, एखादे कापड समोर मांडून काढलेले चित्र. मूळ चित्र १८९३च्या सुमाराचे. ६५ सेंटिमीटर उंच, ८० सेंटिमीटर रुंद. १९२६ पासून ते अमेरिकेत शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. चित्रात फारसे काही नाही. एक लाकडी टेबल. त्यावर चुरगळलेले पांढरे कापड. डावीकडे एक वेताची टोपली, पुढे कललेली, जणू आतली सफरचंदे आता घरंगळणार. मध्ये काळसर हिरवी बाटली. उजवीकडे बशीत रचून ठेवलेली लांबट बिस्किटे. आणि कापडाच्या घड्यांत इकडेतिकडे विसावलेली सफरचंदे. माणूस नाही, देव नाही, कथा नाही.

खरे सांगायचे तर मी मनातून हिरमुसलो. आमच्याकडे फळे काय कमी आहेत? चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो, तिच्यात नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंगे, चिबूड, रानातली फळे नि वेली असा सारा भाद्रपद टांगलेला असतो. ते सोडून काश्मीरहून येणारे आणि देवापुढच्या फळावळीत ठेवण्यापुरतेच ओळखीचे असलेले फळ मी का काढावे? परंतु कित्ता निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा नसतो. मुलीने त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून चित्राची मोठी प्रत उतरवून मूळच्या निम्म्या आकारात छापून आणली आणि ज्येष्ठात, पाऊस लागता लागता, मी कामास आरंभ केला.

या सेझानविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचा जन्म १८३९ सालचा, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस या गावचा. बाप पेढीवाला, सधन. मुलाने कायदा शिकावा ही त्याची इच्छा; मुलगा तो सोडून १८६१ साली चित्रकलेसाठी पॅरिसला गेला. तिथल्या सरकारी कलाशाळेने त्याला प्रवेश नाकारला. वार्षिक राजमान्य प्रदर्शनाने त्याची चित्रे वर्षानुवर्षे परत पाठविली. सबंध आयुष्यात तेथे त्याचे एकच चित्र लागले, तेही १८८२ साली. त्याच्या एकट्याच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन आम्ब्र्वाझ व्होलार या विक्रेत्याने १८९५ साली भरविले, तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता. १९०६ साली तो वारला. त्यानंतर चार वर्षांनी रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने लंडनला जे प्रदर्शन भरविले, त्याच्या निमित्ताने सेझान, व्हॅन गॉग, गोगँ या मंडळींना मिळून एक नाव पडले. मराठीत आपण त्याला उत्तर-दृक्प्रत्ययवाद म्हणतो. नाव अवजड आहे. त्या नावाखाली मोडणाऱ्या माणसाने स्वतः ते कधी ऐकलेही नव्हते.

मला त्याच्या चरित्रातील एक गोष्ट विशेष जवळची वाटली. हा माणूसही कित्ता गिरविणारा होता. १८६३ साली त्याने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नाव नोंदविले होते आणि तेथील मूर्तींची व चित्रांची रेखाटने तो म्हातारपणापर्यंत करीत राहिला. १८७२ साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, त्याने आपला वडीलधारा मित्र कामिय पिसारो याचे एक निसर्गचित्र मागून आणले आणि त्याची प्रत रंगविली. वेदपाठशाळेतला विद्यार्थी गुरूच्या तोंडून संथा घेतो, तसाच हा प्रकार. मग मला लाज का वाटावी?

माझी तयारी मोजणी खात्याला शोभेशी होती. कॅनव्हास ३२.५ सेंटिमीटर बाय ४०. मूळ चित्राच्या पाच सेंटिमीटरांस माझे अडीच, या हिशेबाने छापील प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून मी चौकोन आखले: उभे तेरा, आडवे सोळा, एकूण दोनशे आठ. तितकेच कॅनव्हासवर. मग एकेका चौकोनात काय आहे ते पाहून तसे उतरवीत गेलो. चार दिवसांत रेखाटन तयार झाले. मास्तरांनी ते पाहिले, काही बोलले नाहीत, आणि रंग लावायला सांगितले.

तैलरंगाचे शास्त्र जलरंगाहून निराळे आहे. पाणी उडून जाते आणि जलरंग वाळतो. तेल उडून जात नाही. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट होते. म्हणून पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि तेल कमी असलेला द्यायचा, वरचे थर क्रमाने स्निग्ध. हा क्रम चुकला तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आणि पुढे चित्राला भेगा पडतात. आमच्या पावसाळ्यात तर या वाळण्याला अंतच नाही. आठवडा गेला तरी बोटाला रंग लागे. कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरू नये म्हणून मी रोज ती कोरड्या फडक्याने पुसून काढी. टर्पेंटाइनचा वास घरभर पसरला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी देवघराचे दार लावून घेतले आणि माझी रवानगी मागल्या पडवीत केली. त्या पडवीतून आमची विहीर दिसते, आणि विहिरीपलीकडचा गडगाही दिसतो. त्याविषयी पुढे लिहावे लागणार आहे.

आषाढाच्या अखेरीस माझे चित्र तयार झाले. सफरचंदे गोल होती, बाटली उभी होती, टेबल टेबलासारखे होते. मी ते छत्रीखाली धरून मास्तरांकडे नेले. मास्तरांनी छापील प्रत आणि माझे चित्र शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले.

"तुम्ही प्रत केली नाहीत," ते म्हणाले. "तुम्ही दुरुस्ती केलीत."

मला अर्थ कळेना. तेव्हा त्यांनी माझ्याच हातात पट्टी दिली. "मूळच्या टेबलाची पुढली कड मोजा."

मी पट्टी लावली आणि चपापलो. ती कड एका रेषेत नव्हती. पांढऱ्या कापडाच्या डाव्या अंगाने ती आत शिरते ती उजव्या अंगाने त्याच पातळीवर बाहेर येतच नाही. मागली कडही तशीच. टोपलीच्या एका बाजूस एक, दुसऱ्या बाजूस दुसरी. बाटली सरळ उभी नाही, डावीकडे कललेली आहे. बिस्किटांची बशी आपल्याला एका उंचीवरून दिसते आणि त्या बशीतली वरची बिस्किटे दुसऱ्याच. मी चौकोन आखले होते, प्रत्येक चौकोन स्वतंत्र पाहिला होता. तरीही रेखाटताना माझ्या हाताने ती कड सरळ करून टाकली, बाटली ओळंब्यात आणली आणि हे मला कळलेदेखील नाही! एकतीस वर्षांची सवय डोळ्यांच्या आधी हाताशी पोचली होती.

याहून वाईट गोष्ट पुढे होती. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावर माझ्या सरळ टेबलावरची फळे निर्जीव दिसत होती, दुकानाच्या पाटीवरील फळांसारखी. आणि त्याच्या वाकड्या टेबलावरची फळे जड होती. त्यांना वजन होते. टोपली आता कलंडणार असे वाटे आणि ती कलंडत नसे. कारण बाटलीचा कल, कापडाच्या घड्या आणि टेबलाची तुटलेली कड या सर्वांनी मिळून तिला धरून ठेवले होते. त्यातले एक सरळ केले की बाकीच्यांचा आधार सुटे.

"त्याला सरळ रेघ ओढता येत नव्हती काय?" मी विचारले. प्रश्न आरेखकाचा होता.

मास्तर हसले. "असे तुम्हीच पहिल्याने म्हणता आहा असे नाही. त्याच्या हयातीत पॅरिसला हेच म्हणत. पण एका तरुण चित्रकाराने नोंदवून ठेवले आहे, की हा गृहस्थ चित्रासाठी फळे मांडताना एकेका फळाखाली तांब्याची नाणी सरकवी, हवा तेवढा कल येईपर्यंत. व्होलारचे चित्र काढताना त्याने त्याला एकशेपंधरा वेळा समोर बसविले, आणि तो जरा हलला की 'सफरचंद हलते काय?' म्हणून दरडावले. अशा माणसाचे टेबल चुकून वाकडे होईल?"

"मग?"

"तुम्ही टेबलाशी बसा. डावीकडे पाहा, मग मान वळवून उजवीकडे पाहा. तुमचे डोळे एका जागी राहिले का? जो खिळ्यासारखा एका जागी उभा राहतो आणि एकच डोळा उघडतो, त्याचे टेबल सरळ येते. सेझानने तिथे दिवसचे दिवस बसून पाहिले. टोपलीकडे पाहिले तेव्हा टेबल जसे दिसले तसे ते टोपलीजवळ आहे. बशीकडे पाहिले तेव्हा जसे दिसले तसे बशीजवळ आहे. दोन्ही खरे आहे. दोन्हींना जोडणारी खोटी रेघ त्याने ओढली नाही. मध्ये कापड टाकले."

मी घरी आलो तो पाऊस थांबला होता. पडवीत बसलो, आणि समोर विहीर होती आणि गडगा होता.

आता ती गोष्ट सांगतो. वडील गेल्यावर आमच्या घराची वाटणी झाली. आम्ही दोघे भाऊ, मी थोरला. वाटणीवरून कोर्टकचेरी करण्याची आमच्याकडे चाल नाही, आणि घरात सरकारी आरेखक असता बाहेरचा मोजणीदार तरी कशाला? नकाशा मीच काढला. एक वीतभरही कोणाला कमी-जास्त येऊ दिली नाही. फणसापासून मागल्या कुंपणापर्यंत सरळ रेघ ओढली तेव्हा विहीर माझ्या बाजूस आली, रेघेपासून दीड हातावर. भाऊ नकाशा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "दादा, माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले तर विहीर आमच्या अंगणात आहे. आई त्याच दारातून पाण्याला जात असे. देवाला आता नळाचे पाणी घालावे लागेल."

मी त्याला क्षेत्रफळाचे आकडे दाखविले. ते बरोबर होते. आजही बरोबर आहेत. त्याने सही केली. मी रेघेवर चिऱ्यांचा गडगा घालून घेतला. त्यानंतर अकरा वर्षे आम्ही भांडलो नाही. भांडणारे भाऊ निदान बोलतात तरी. देवळात पालखीच्या वेळी, चवथीला माटोळी बांधताना, कामापुरते शब्द, तेवढेच. गणपती आमच्याकडे एकच आहे आणि तो मोठ्या घरात, म्हणजे माझ्या बाजूस बसतो; भावाचे सारे घर तेव्हा येते. त्या दिवसांत विहिरीचे पाणी सर्वांचे असते. इतर दिवशी भाऊ आपल्या देवघरात नळाच्या पाण्याने पूजा करीत असे, हे मला ठाऊक होते. ठाऊक असून मी ते पाहिले नव्हते.

त्या संध्याकाळी पडवीत बसलो असता एक विचार मनात आला आणि तो मग हटेना. नकाशा हा वरून पाहिलेला असतो. घर, विहीर, फणस, सारे वरून. जेथून तो दिसतो तेथे कोणीच उभे नसते. मी माझे आयुष्य त्या जागेवरून पाहण्यात घालविले, जेथे पाय ठेवायला जमीन नाही. नकाशा खोटा होता असे मी म्हणत नाही. नकाशावाचून गाव चालणार नाही. पण भाऊ दारात उभा होता. त्याच्या दारातून विहीर त्याच्या अंगणात होती, आणि माझ्या पडवीतून ती माझ्या अंगणात होती. हे दोन्ही खरे होते. मध्ये मी कापड टाकले नाही, गडगा घातला.

दुसऱ्या दिवशी मी रंगसुरी घेऊन चित्र खरवडले. पावसाने एक उपकार केला होता: वरचा थर वाळलाच नव्हता, टर्पेंटाइनच्या फडक्याने सहज निघाला. खाली फिकट रेखाटन उरले, त्यातली सरळ कड पुसली आणि पहिल्यापासून आरंभ केला. या वेळी चौकोन मोजायला घेतले, पण त्यांच्यावर विसंबलो नाही. एक रेघ काढायची, मूळ चित्राकडे पाहायचे, पुन्हा रेघेकडे. आणि हात सरळपणाकडे ओढ घेऊ लागला की कुंचला खाली ठेवायचा. दिवसाकाठी कधी एकच सफरचंद होई.

असे हळू पाहू लागल्यावर पुष्कळ गोष्टी दिसू लागल्या. पांढरे कापड पांढरे नाही. त्याच्या घड्यांत निळा आहे, फिकट हिरवा आहे, जांभळ्याची छटा आहे. शुद्ध पांढरा शोधू गेले तर बोटभर जागा. मी पहिल्या वेळी सावल्यांसाठी पांढऱ्यात काळा मिसळला होता आणि कापड मळकट झाले होते. सफरचंदाची गोलाई उजेड आणि काळोख यांनी केलेली नाही. तांबड्याचा नारिंगी होतो, नारिंगीचा पिवळा, पिवळ्याचा हिरवा, आणि या पायऱ्यापायऱ्यांनी फळ वळते. उष्ण रंग पुढे येतो, शीतल मागे सरतो, एवढ्या एका नियमावर ते फळ उभे आहे. त्याच्या कडेला निळसर रेघ आहे, पण ती एक नाही. दोन-तीन आहेत; कुठे तुटलेल्या, कुठे पुन्हा धरलेल्या. पहिल्या वेळी मी त्यांतली मला खरी वाटलेली एक निवडली होती. आता कळले, की फळाची कड कुठे संपते हे त्याला एकदाच ठरवायचे नव्हते. पुन्हा पुन्हा पाहिले आणि प्रत्येक पाहणे तिथे ठेवले.

या सफरचंदांची एक हकीगत मास्तरांनी मला त्याच सुमारास सांगितली. सेझान शाळेत असताना वर्गात परगावाहून आलेला एक अशक्त मुलगा होता. बाकीच्यांनी त्याच्याशी बोलणे टाकले होते. सेझान त्याच्याशी बोलला, आणि त्याबद्दल मुलांकडून त्याने मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने त्याला सफरचंदांची एक टोपली आणून दिली. तो मुलगा म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेला एमिल झोला. ही हकीगत सेझानने उतारवयात एका तरुण स्नेह्याला सांगितल्याची नोंद आहे. पुढे १८८६ साली झोलाने एका अपयशी चित्रकारावर कादंबरी लिहिली. तिच्यावरून दोघांची मैत्री एकाएकी तुटली असे पुष्कळ वर्षे मानीत. अलीकडे १८८७ सालचे सेझानचे एक पत्र उजेडात आले, त्यावरून तो दुरावा इतका तडकाफडकी नसावा असे दिसते. पण दुरावा आला, हे खरे. १९०२ साली झोलाच्या मृत्यूची वार्ता कळली तेव्हा सेझान आपल्या चित्रशाळेत दार लावून दिवसभर बसून राहिला, असे सांगतात. हे टोपलीचे चित्र त्या दुराव्यानंतरचे आहे. त्याने ते झोलाला आठवून काढले असे म्हणण्यास मला आधार नाही आणि मी म्हणणार नाही. मात्र ती टोपली रंगवीत असताना माझ्या मनात दार लावून बसलेला तो म्हातारा असे, आणि दार लावून घेण्याआधी काही करता आले असते काय, हा प्रश्न असे.

श्रावणात एके सकाळी, पाऊस उघडला होता, तेव्हा मी गड्याला हाताशी घेतले आणि विहिरीजवळच्या गडग्याचे काही चिरे काढले. माणूस कळशी घेऊन सरळ येईल एवढी वाट ठेवली. नकाशा बदलला नाही. रेघ आहे तिथेच आहे. भावाला निरोप धाडला नाही. काय निरोप धाडणार? अकरा वर्षांच्या शांततेत पहिले वाक्य कोणते बोलावे, हे मला ठरविता येईना. चिरे बाजूला रचून ठेवले आणि पडवीत येऊन बशीतली बिस्किटे रंगविली. चार दिवस त्या वाटेने कोणी आले नाही.

पाचव्या दिवशी पहाटे कप्पीचा आवाज आला. मी अंथरुणावरून उठलो नाही. कोण आले असेल, हे पाहायची गरज नव्हती. आई पाणी काढीत असे तेव्हा मधून मधून थांबे, तसाच तो आवाज मध्ये एकदा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

चवथीच्या आदल्या दिवशी भाऊ माटोळी बांधायला आला. दरवर्षी माटोळीची चौकट मी पट्टीने मोजून समपातळीत आणतो आणि तोपर्यंत बाकीचे दोऱ्या धरून खोळंबतात. यंदा मी बाजूला राहिलो. त्याने नजरेच्या अंदाजाने बांधली. नारळ, तोरिंगे, सुपारीची शिपटी, सगळे टांगून झाले. मग हात धुवायला तो मागल्या पडवीत गेला, आणि ईझलवरच्या चित्रापुढे थांबला. मी दारात उभा होतो.

त्याने ते बराच वेळ पाहिले. वाटणीचा नकाशा पाहिला होता तितका वेळ, असे मला वाटले. मग टेबलाच्या त्या तुटक्या कडेजवळ त्याने बोट नेले.

"हात लावू नकोस," मी म्हटले, "अजून ओले आहे."

बोट तसेच धरून तो म्हणाला, "दादा, मेज वांकडें जालां."

मी म्हटले, "आसूं दी."

तो हसला की नाही, हे मला सांगता येणार नाही, पाठमोरा होता. मग ओल्या हातांनीच खांबाला टेकून तो थोडा वेळ उभा राहिला, आणि ती फळे कोणती, ती टोपली पडत कशी नाही, अशा दोन-चार चौकश्या केल्या. मी उत्तरे दिली. जाताना तो पुढल्या दाराने गेला नाही; विहिरीच्या वाटेने गेला.

चित्र आता वाळले आहे. मास्तरांनी पाहिले, आणि बाटली अजून थोडी ताठ आहे एवढाच दोष काढला. तो खरा आहे. सेझान आपल्या चित्रांवर क्वचितच सही करी, पण या चित्रावर त्याची सही आहे. ती मात्र मी उतरविली नाही. कित्त्याखाली सही करायची नसते, दुसऱ्याची नाही आणि आपलीही नाही. कॅनव्हासच्या पाठीवर तेवढे लिहून ठेवले: 'सेझानवरून.' पुढल्या पावसाळ्यात देवळाचे चित्र काढायला मास्तरांनी परवानगी दिली आहे. तळीच्या कोणत्या पायरीवर बसावे, याचा मी सध्या विचार करीत आहे. आणि एकाच पायरीवर बसून भागणार नाही, हे मला आता ठाऊक आहे.